सात हजार चारशे चार काप

संगणकावर ‘बिगब्रेन’ उघडला की सुरुवातीला डोळे दिपवणारं काहीच दिसत नाही. पांढुरक्या पडद्यावर राखाडी रंगाचा एक आकार, अक्रोडाच्या गरासारखा, मधोमध भेगाळलेला. टीव्हीवरच्या जाहिरातींत मेंदू म्हणून निळ्या तारांचं लखलखतं जाळं दाखवतात, तसलं इथं काही नाही. पण माऊसचं चाक फिरवत थोडं आत शिरावं. राखाडीतून पट्टे वेगळे होऊ लागतात, पट्ट्यांतून ठिपके निघतात, आणि मग लक्षात येतं की आपण माणसाच्या डोक्यात केसाहूनही बारीक पायऱ्या उतरत चाललो आहोत. गेली दोन वर्षं मी हे पुन्हा पुन्हा करते आहे. एखादी बंदिश पुरती कळली नाही म्हणून परत लावावी, तसं.

बंदिशीचं, कवितेचं, चित्राचं रसग्रहण आपण करतो. नकाशाचंही करावं असं मला याच नकाशामुळे वाटलं. २०१३ च्या जूनमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून तो जगापुढे आला. जर्मनीतल्या यूलिश इथल्या संशोधन केंद्रातल्या काट्रिन आमुंट्स, त्यांचे ज्येष्ठ सहकारी कार्ल झिलेस आणि कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे अ‍ॅलन इव्हान्स ही त्यामागची प्रमुख नावं. मेंदू एका पासष्ट वर्षांच्या स्त्रीचा. तिचं नाव कुठं छापलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. तरी दर वेळी पडदा उघडला की मला तिची आठवण होते, जिला मी कधी पाहिलं नाही तिची.

हा नकाशा झाला कसा, ते सांगितल्याशिवाय त्याचं सौंदर्य कळणार नाही. मेणात बसवलेला मेंदू मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर चढवला आणि त्याचे एकेक करून काप काढले. एका कापाची जाडी २० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा तिसरा-चौथा हिस्सा. असे ७४०४ काप. प्रत्येक काप काचेवर घ्यायचा, पेशी काळ्या दिसतील अशा रसायनातून काढायचा आणि स्कॅन करायचा. ज्यांनी घरी सालपापड्या केल्या आहेत त्यांना यातली धाकधूक लगेच कळेल. वाफवलेली पापडी सोडवताना एक कोपरा चिकटून बसतो, दुसरा दुमडतो, मध्येच बारीक चीर जाते. घरी फाटलेली पापडी शेजारी टपून बसलेल्या पोराच्या हातात जाते. इथं मेंदू एकच आणि काप एकदाच निघणार.

शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हाची सवय अजून गेलेली नाही. आकडा दिसला की मी तो मोजून बघते. ७४०४ ला २० मायक्रॉननं गुणलं की १४८ मिलिमीटर येतात. कंपासपेटीतल्या पट्टीला दोन मिलिमीटर कमी. एवढ्या लांबीत एका बाईची पासष्ट वर्षं होती.

काप फाटले, ताणले गेले, दुमडले. काहींचे तुकडे गळले. ते लपवलेलं नाही. आधी माणसांनी डोळ्यांनी पाहून दुरुस्त्या केल्या, मग संगणकांनी शेजारच्या कापांचा आणि त्याच मेंदूच्या आधी काढून ठेवलेल्या एमआरआयचा आधार घेत प्रत्येक काप आपल्या जागी बसवला. निव्वळ माहिती गोळा करायलाच सुमारे हजार तास लागले. तरीही एखाद्या कापावर थांबून नीट पाहिलं तर कुठं रेषा किंचित हललेली दिसते, कुठं जोड कळतो. पैठणीला केलेलं चांगलं रफू जसं उजेडात धरल्यावरच दिसतं. मला हा नकाशा सर्वांत जास्त आवडतो तो या जोडांच्या जागी. माणसांच्या हातांनी किती जपून काम केलं आहे ते तिथं दिसतं.

आता वाचनाकडे वळते. कुठून सुरुवात करायची, हे माझ्यासाठी माझ्या दादानं ठरवून ठेवलेलं आहे.

दादा माझा चुलत भाऊ. नव्वदच्या दशकात तो कुपवाडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होता. हात अतिशय साफ. काम करता करता तो मध्येच थांबायचा, मशीन बंद करायचा आणि म्हणायचा, “पट्टा जळतोय का बघा रे कुणाचा.” सगळे आपापल्या मशीनचे पट्टे बघायचे. कुणाचाच जळत नसायचा. दोन-तीन मिनिटांत दादा खाली कोसळलेला असायचा, दातखीळ बसलेली, हातपाय झटके देत असलेले. जळक्या रबराचा तो वास त्याच्या एकट्याच्याच नाकात येत होता. मशीन आधीच बंद केलेलं असायचं म्हणून त्याचे हात वाचले.

आकडी आली की त्याच्या नाकाशी चप्पल धरली जायची, कधी फोडलेला कांदा. आमचं मूळ गाव साताऱ्याकडं, कोरेगाव तालुक्यात. तिथं नेऊन उतारा झाला, दंडात गंडा बांधला, बाहेरची बाधा आहे म्हणून एका माणसानं कोंबडा मागितला, तोही दिला. वर्षभर हेच चाललं. मग कुणीतरी काकांना सांगितलं की साताऱ्याचे एक डॉक्टर असल्या गोष्टींविरुद्ध गावोगाव बोलत हिंडतात. ते नरेंद्र दाभोलकर. काका त्यांना कधी भेटले नाहीत. गावात झालेलं त्यांचं एक भाषण मात्र मागं उभं राहून ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी गंडा तोडून दादाला घेऊन मिरजेला आले. दाभोलकरांचं वैद्यकीय शिक्षण याच मिरजेत झालं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. १९८९ मध्ये त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच्या दोनच महिने आधी हा नकाशा प्रसिद्ध झाला होता. या दोन तारखा माझ्या मनात शेजारी शेजारी बसल्या आहेत. त्या वेगळ्या करणं मला जमत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी वासाबद्दल खोदून खोदून विचारलं. काकांना आश्चर्य वाटलं: पोरगा तडफडतो ते सोडून हे वासाचं काय घेऊन बसले? पण डॉक्टर एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेनं विचारत होते. हे कुठून सुरू होतं? मेंदूत विजेचा जो लोळ उठतो तो नेमका कोणत्या जागी पहिल्यांदा उठतो? लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असेच रुग्ण नोंदवून ठेवले होते, ज्यांना आकडीच्या आधी नसलेला वास येई. त्यावरून कानशिलामागच्या भागाच्या आतल्या घडीकडे बोट दाखवता आलं. वास हाच पत्ता होता.

म्हणून मी बिगब्रेन उघडला की आधी त्या घडीत जाते. समोरून आलेला काप धरायचा, कानाच्या रेषेत यायचं, मग आत मधल्या बाजूला. तिथं काळ्या ठिपक्यांचा एक पट्टा स्वतःभोवती वळलेला दिसतो, आणि त्याच्या टोकाशी दुसरा, अधिक दाट आणि अधिक बारीक पट्टा त्याला अडकलेला. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसं. हा हिप्पोकॅम्पस, समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून हे नाव. आठवणी रुजतात त्या इथल्या मदतीनं. त्याच्या अगदी पुढं, या समुद्रघोड्याच्या डोक्याकडच्या बाजूला, वासाशी आणि भीतीशी नातं असलेले भाग चिकटून आहेत. दादाचा जळका पट्टा इथं होता.

साध्या एमआरआयमध्ये ही जागा बोटाच्या पेराएवढी धूसर सावली दिसते. दादाचा एमआरआय पुढं बऱ्याच वर्षांनी झाला, तेव्हा उजवीकडची सावली डावीपेक्षा आक्रसलेली आहे असं डॉक्टरांनी पेन्सिलीनं दाखवलं. मला काही म्हणजे काहीच दिसलं नव्हतं. बिगब्रेनमध्ये तीच जागा पाहिली तेव्हा, इतक्या वर्षांनी, त्या पेन्सिलीचं टोक कशावर टेकलं होतं ते कळलं. त्या बाईच्या निरोगी घडीवरून मला माझ्या भावाची आजारी घडी वाचता आली.

इथून बाहेर पडून मागं डोक्याच्या पार टोकाला जावं. दृष्टीचा भाग तिथं आहे. मेंदूची साल तिथं जेमतेम दोन मिलिमीटर जाड, पण तेवढ्यात इतके थर बसवलेत की पानांची वही कडेनं पाहावी तसं वाटतं. हा थरांचा पट्टा चालत चालत जातो आणि एका जागी एकदम संपतो. पलीकडं दुसरी वीण सुरू. शेतात बांध असावा इतकी ही हद्द स्वच्छ आहे. आणि उलट, डोक्याच्या माथ्यावरच्या हालचालीच्या भागात साल दुप्पट जाड, पण चौथा थर जवळजवळ नाहीच. त्याऐवजी खाली मोठमोठ्या पेशी. हाताला, पायाला हुकूम सोडणाऱ्या. दृष्टीचा भाग घेणारा आहे, म्हणून तिथं आवक नोंदवणारा थर भरघोस. हा भाग देणारा, म्हणून पाठवणाऱ्या पेशी धिप्पाड. रचना पाहूनच काम ओळखू यावं, असं हे बांधकाम. वाड्यात न शिरता नुसत्या चौकटीवरून हे कोठार की हे माजघर, ते आपण ओळखतोच ना.

लहान मेंदूचा काप मी मुद्दाम शेवटी ठेवते. सुरूच्या फांदीसारखे त्याचे फाटे, फाट्यांना उपफाटे, आणि सगळ्यांच्या कडेनं काळा गच्च पट्टा. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत आणि त्यांतल्या ६,९०० कोटींच्या आसपास एकट्या या लहान मेंदूत. पाठ्यपुस्तकात आम्ही त्याला ‘अनुमस्तिष्क’ म्हणत होतो आणि ‘शरीराचा तोल सांभाळतो’ या एका वाक्यात उरकत होतो. त्या एका वाक्याची मला आता खंत वाटते.

एकाच बाईचा मेंदू म्हणजे सर्वांचा मेंदू नव्हे, ही या नकाशाची खरी मर्यादा. १९०९ मध्ये कॉर्बिनियन ब्रॉडमन यांनी मेंदूच्या सालीचे भाग पाडून त्यांना आकडे दिले, ५२ पर्यंत. शंभर वर्षं डॉक्टर त्याच आकड्यांनी बोलत आले. पण तुमचा सतरावा भाग आणि माझा सतरावा भाग तंतोतंत एकाच जागी, एकाच मापाचा नसतो. यूलिशच्या मंडळींनी यावर जो उपाय केला तो मला विचार म्हणून फार मोठा वाटतो. त्यांनी एकेक भाग दहा-दहा मेंदूंत सूक्ष्मदर्शकाखाली शोधला, दहाही मेंदू एकमेकांवर बसवले आणि २०२० मध्ये जो नकाशा प्रसिद्ध केला त्यात ठाम रेषाच नाहीत. आहेत त्या शक्यता. या ठिपक्याला हा भाग दहापैकी नऊ मेंदूंत होता, त्या ठिपक्याला चारांत. मध्यभागी रंग गडद, कडेकडे विरत जाणारा.

नकाशा म्हटलं की आपल्याला सातबारा आठवतो, गट नंबर आणि चतुःसीमा. हा नकाशा ‘बहुतेक इथं’ असं म्हणतो, आणि तो ‘बहुतेक’ किती, तेही मोजून सांगतो. शस्त्रक्रियेची सुरी हातात असलेल्याला याहून प्रामाणिक सोबती कोणता मिळणार?

याच कामातून पुढं युरोपात ‘ईब्रेन्स’ नावाची सामाईक सुविधा उभी राहिली. नकाशे, मेंदूची गणितं, ती चालवणारे संगणक, सगळं एका छपराखाली. कुणीही नाव नोंदवावं आणि वापरावं. त्यातलं माझ्या जिव्हाळ्याचं दालन फ्रान्समधल्या मार्सेयचं आहे. व्हिक्टर यिर्सा यांच्या गटानं तिथं प्रत्येक रुग्णाचा आपापला मेंदू संगणकात उभा करायची रीत बसवली. रुग्णाच्या एमआरआयवरून मेंदूचे भाग पाडायचे, त्यांना जोडणाऱ्या तंतूंच्या वाटा मोजायच्या, प्रत्येक भागाला आकडी कशी सुरू होते आणि थांबते याचं समीकरण द्यायचं. मग त्या संगणकातल्या मेंदूला आकडी येऊ द्यायची. ती कुठून उठते, कुठल्या वाटेनं पसरते, हे पाहायचं. अमुक भाग काढला तर थांबेल का, हे आधी तिथं करून बघायचं. आकडीच्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना गोळ्या लागू पडत नाहीत. हे सगळं त्यांच्यासाठी. २०१९ पासून फ्रान्समधल्या अनेक रुग्णालयांत याची रीतसर चाचणी सुरू झाली. शस्त्रक्रियेचा निर्णय डॉक्टरांचाच राहतो. त्यांच्यापुढं एक जास्तीचा पुरावा येतो, एवढंच. आणि जिच्या लेकराच्या डोक्याला सुरी लागणार आहे त्या आईला विचारा, एवढंच म्हणजे किती ते.

आपल्याकडं तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून आकडीवरच्या शस्त्रक्रिया होत आल्या आहेत. दादाला तिथं न्यावं का, यावर आमच्या घरात दोन वर्षं चर्चा झाली. तेवढ्यात तिसरं औषध लागू पडलं आणि प्रश्न मिटला. पण नोकरी पूर्वीची राहिली नाही. त्याला लेथवरून उठवून स्टोअरमध्ये बसवलं, नट-बोल्ट मोजायला. ज्याचा हात शतांश मिलिमीटरची चूक बोटानं ओळखायचा, तो हात.

हाताबद्दल मिरजेत राहून बोलायचं तर सतारमेकर गल्लीत जावंच लागतं. शस्त्रं घासूनपुसून देणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी फरीदसाहेब सतारमेकरांनी वाद्यं घडवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानाच्या पायरीवर बसून जवारी लावताना पाहणं हा माझा जुना छंद. घोडीवरून कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा कानस, जेमतेम टेकवल्यासारखी. पुन्हा तार. कान हाताला सांगतो, हात घोडीला सांगतो, घोडी तारेला, तार पुन्हा कानाला. किती घासायचं हे कुठं लिहून ठेवलेलं नसतं. तंबोरा ‘बोलला’ की थांबायचं.

कारखान्यातल्या नेहमीच्या रोबोला हीच गोष्ट येत नाही. त्याचा हात ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी जातो. मध्ये माणसाचा हात आला तरी जातो, म्हणून त्याच्याभोवती जाळीचं कुंपण घालावं लागतं. मेंदूच्या नकाशांचा उपयोग यंत्रांना होतो तो इथं. मिशांनी चाचपणारा एक रोबो युरोपातल्या संशोधकांनी बनवला आहे, त्याचं नाव ‘व्हिस्कआय’. उंदरासारखं मुस्कट, डोळ्यांच्या जागी कॅमेरे, आणि मागंपुढं हलणाऱ्या राठ मिशा. डोळ्यांना दिसलं ते आणि मिशांना लागलं ते, यांची सांगड घालून ‘मी कुठं आहे’ हे ओळखायला शिकणारं जाळं त्याला दिलं, प्राण्याच्या मेंदूतल्या रचनेवरून बेतलेलं. त्याचा मेंदू संगणकात आधी वाढवता येतो, खोट्या खोलीत धडपडू देता येतो, आणि मग खऱ्या यंत्रात उतरवता येतो. धूर भरलेल्या खोलीत कॅमेऱ्याचा डोळा निकामी होतो; मिशी नाही.

हात आणि मेंदू यांच्या या नात्याशी सातारा जिल्ह्याचा जुना संबंध आहे, फक्त तो आपण तसा पाहत नाही. फलटणला कमला निंबकर बालभवन ही मॅक्सिन बर्नसन यांनी सुरू केलेली शाळा आहे. ज्यांचं नाव तिला आहे त्या कमलाबाई जन्मानं अमेरिकन, लग्नानं निंबकर. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. लकव्यानं लुळ्या पडलेल्या हाताला काम द्यायचं आणि कामातून तो हात परत मिळवायचा, ही त्या शास्त्राची मूळ कल्पना. आज लकव्याच्या रुग्णाचा हात धरून त्याच्याकडून तीच हालचाल शेकडो वेळा करून घेणारी रोबोयंत्रं आली आहेत. हालचालीच्या भागातल्या त्या धिप्पाड पेशींचा नकाशा अशा यंत्रांच्या कामाचा. कमलाबाईंनी हातापासून सुरुवात करून मेंदूकडं वाट काढली. हे लोक मेंदूपासून निघून हाताशी पोचत आहेत.

उद्योगांच्या दृष्टीनं आणखी एक यंत्र सांगण्याजोगं आहे. मँचेस्टर विद्यापीठात स्टीव्ह फर्बर यांनी ‘स्पिनेकर’ नावाचा संगणक बांधला आणि २०१८ मध्ये तो दहा लाखांहून अधिक गाभ्यांनिशी (कोअर) सुरू झाला. फर्बर म्हणजे ज्यांनी ऐंशीच्या दशकात एआरएम प्रोसेसर घडवला त्यांतले एक. आपल्या खिशातल्या मोबाईलचं काळीज त्याच घराण्यातलं. स्पिनेकरमध्ये त्यांनी मेंदूची एक सवय उचलली: काही घडलं तरच बोलायचं, आणि तेही थोडक्यात. एक पेशी दुसरीला छोटासा ठोका पाठवते, बाकी गप्प असते. इतकं करूनही हे दहा लाख गाभे मिळून माणसाच्या मेंदूच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतक्या पेशींची नक्कल करू शकतात, आणि त्याला वीज लागते १०० किलोवॉटच्या घरात. आपला अख्खा मेंदू चालतो सुमारे २० वॉटवर. दोन एलईडी दिव्यांइतक्या विजेवर दादानं वीस वर्षं शतांश मिलिमीटर सांभाळला. ड्रेस्डेनमध्ये या यंत्राची पुढची पिढी तयार झाली आहे आणि तिच्यावर कंपनीही उभी आहे. ज्या उद्योगाचं वीजबिल संगणकांमुळे फुगतं आहे, त्यानं तिकडं लक्ष ठेवावं.

चुकलेलंही सांगायला हवं. ज्या प्रकल्पाच्या छायेत हे सगळं वाढलं तो ‘ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट’ २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला तेव्हा त्याचे प्रवर्तक हेन्री मार्क्रम यांनी अख्खा मानवी मेंदू संगणकात उभा करण्याचं स्वप्न दाखवलं होतं. वर्षाच्या आत शेकडो शास्त्रज्ञांनी युरोपीय आयोगाला उघडं पत्र लिहून या कारभारावर आक्षेप घेतले, आणि नेतृत्व बदललं. २०२३ च्या सप्टेंबरात दहा वर्षं संपली. सुमारे ६० कोटी युरो खर्च झाले. संगणकात मेंदू जागा झाला नाही. मला वाटतं, स्वप्न चुकलं आणि काम टिकलं. घाईत मोठं बोलणाऱ्यांचं फारसं उरलं नाही. कापावर काप ठेवत, फाटलेलं जोडत बसलेल्यांचं उरलं. सुविधा उरली, जिच्यावर मार्सेयचा डॉक्टर, रोबो बांधणारा संशोधक आणि मिरजेची निवृत्त शिक्षिका एकाच वेळी बसू शकतात.

आणि हे फक्त तिकडचं नाही. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्रानं २०२४ च्या डिसेंबरात ‘धरणी’ नावाचा नकाशा खुला केला. गर्भावस्थेच्या दुसऱ्या तिमाहीतले मेंदू, ५,१३२ काप, पेशीपेशीपर्यंत दिसतील असे. मेंदू आईच्या पोटात कसा घडत जातो ते त्यात पाहता येतं. तोही सर्वांना मोफत. बिगब्रेनमधली पूर्ण वाढलेली घडी आणि धरणीतली नुकती वळू लागलेली घडी शेजारी लावून पाहिली, त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

दादा आता एकसष्ट वर्षांचा आहे. दिवाळीत आला होता तेव्हा त्याला ही जागा पडद्यावर दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं स्क्रीनला नाक लावलं आणि विचारलं, “म्हणजे माझा पट्टा इथं जळत होता?”

मी म्हटलं, “बहुतेक इथंच.”

तो बराच वेळ बघत राहिला. मग माऊस माझ्या हातातून घेतला आणि स्वतः एकेक काप पुढं सरकवू लागला. अगदी हळू, लेथचं हँडल फिरवावं तसं.

सांगलीच्या विलिंग्डन आणि वालचंद महाविद्यालयांत, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, इस्लामपूर-कऱ्हाड-साताऱ्याच्या अभियांत्रिकी आणि विज्ञान शाखांत शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. एखाद्या संध्याकाळी वर्गात प्रोजेक्टर लावा आणि बिगब्रेन उघडा. डॉक्टर होऊ पाहणारी, यंत्रं बांधणारी आणि संगणकावर काम करणारी मुलं एकाच खोलीत बसवा. शुल्क नाही, परवानगी लागत नाही, साधं इंटरनेट पुरतं. पहिल्या कापापासून सुरू करू नका, मुलं कंटाळतील. हिप्पोकॅम्पसपासून सुरू करा. आणि वर्गात कुणाला कधी आकडी आली तर काय करायचं, तेही त्याच संध्याकाळी सांगा: चप्पल नाही, कांदा नाही, तोंडात चमचा नाही, कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं बटण सैल करायचं, घड्याळ पाहायचं, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.